निष्कर्ष वाटू नका, उत्खनन खेळू द्या

२०१८ साली उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात, सिनौली येथे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची दफने उजेडात आली. तांब्याने मढवलेल्या शवपेट्या, तलवारी, ढाली आणि भरीव चाकांची वाहने. चाकांवर तांब्याचे त्रिकोण जडवलेले. लाकूड मात्र केव्हाच कुजून मातीत मिसळलेले. ही बातमी देशभर पोहोचली ती एकाच शब्दावर स्वार होऊन : ‘रथ’.

वास्तविक हा शब्दच वादाचा विषय आहे. चाकांना आरे नाहीत. दफनांत घोड्याचे अवशेष मिळालेले नाहीत. उत्खननाचे प्रमुख संजय मंजुल यांनी रथाचा पक्ष मांडला. आस्को पार्पोला यांनी ती बैलांनी ओढलेली वाहने मानली. दोघांसमोर पुरावा तोच होता, अर्थ वेगळा लागला. हा मतभेद म्हणजेच पुरातत्त्वशास्त्राचे जिवंत अंग. जनतेच्या हाती मात्र केवळ निकाल पडला आणि त्यावर टाळ्या किंवा शिव्या देण्यापलीकडे तिला काही काम उरले नाही.

राखीगढीचेही तेच झाले. २०१९ साली ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनासाठी ६१ अस्थिनमुने तपासले गेले. त्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या नमुन्यातून पुरेसा डीएनए मिळाला. ६१ पैकी १! हा आकडा प्रत्येक मथळ्यात हवा होता. त्याऐवजी ‘आर्य आले’ आणि ‘आर्य आलेच नाहीत’ अशा दोन छावण्या पडल्या आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही आपापली छावणी गाठली.

या रोगावर माहितीपट, भव्य संग्रहालये आणि त्रिमितीय देखावे हे उपाय सांगितले जातात. तेही निकालच वाटतात, फक्त अधिक देखण्या वेष्टनात. प्रेक्षक पाहतो, भारावतो आणि घरी जातो, ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची जागा त्यात कुठेच नसते. ती जागा एका अत्यंत स्वस्त साधनात आहे : टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ. चार-पाच खेळाडू, एक सूत्रधार, कागद, पेन्सिली आणि फासे. प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो व आपण काय करणार ते सांगतो. सूत्रधार परिणाम सांगतो आणि अनिश्चित गोष्टींचा निवाडा फासा करतो. वीज लागत नाही, संगणक लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेलाही तो परवडतो.

सिनौलीचाच खेळ मांडून पाहावा. एक खेळाडू उत्खननप्रमुख, एक अस्थितज्ज्ञ, एक धातुतज्ज्ञ, एक वार्ताहर आणि एक शेतकरी. शेतकरी हवाच, कारण सिनौलीचा प्राचीन ठेवा प्रथम हाती लागला तो शेतजमीन सपाट करताना. शिवाय राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्थळाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. तिथे बांधकामावर येणाऱ्या बंधनांची झळ त्याच्यासारख्यांनाच बसते. वारशाचा अभिमान देशाचा आणि भुर्दंड गावाचा, हे सत्य कोणत्याही काचेच्या कपाटात मांडलेले नसते. शेतकऱ्याची भूमिका करणाऱ्या विद्यार्थिनीला ते दहा मिनिटांत उमगेल.

खेळाचा मुख्य नियम एकच असावा : खणण्यापूर्वी जे नोंदवले नाही, ते उरलेल्या खेळात कोणालाही विचारता येणार नाही. उत्खनन हा आपलाच पुरावा नष्ट करत जाणारा प्रयोग आहे, एकदा काढलेला थर परत घालता येत नाही, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य इथे काळजाला भिडते. हंगाम संपत आला आहे, पावसाळा तोंडावर आहे, निधी तुटपुंजा आहे. कुजलेल्या लाकडाचा मातीतला ठसा जपायचा की शेजारची शवपेटी उघडायची? शेवटी वार्ताहर विचारतो, ‘रथ की गाडी?’ पुरावा जेवढे म्हणतो तेवढेच उत्तर देणाऱ्याला गुण मिळावेत. त्याहून एक शब्द जास्त बोलणाऱ्याचे कापले जावेत.

‘इतिहास म्हणजे काय पोरखेळ आहे?’ असा आक्षेप येईल. नियमांनी बांधलेला खेळ पोरकट नसतो. पुरावा न पाहता केलेला जयघोष मात्र निश्चित पोरकट असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे : कल्पनेला मोकळे रान दिले तर मिथकेच माजतील. हा धोका खरा आहे. या खेळप्रकाराच्या रक्तातच दोष आहे. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या आद्य खेळात प्राचीन भग्नावशेषांत शिरावे, खजिना उचलावा आणि त्या सोन्याच्या मोलाइतकी आपल्या पात्राची प्रगती मोजावी, अशी रचना होती. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही सरळसरळ लूट. तोच साचा उचलून त्यावर हडप्पाचे रंग चढवले, तर खेळ नसलेलाच बरा.

म्हणून गुण वस्तूला नकोत, संदर्भाला हवेत. सोन्याचा मणी थरातून उपटून आणणाऱ्याला शून्य. साध्या खापराची जागा, खोली आणि थर नोंदवणाऱ्याला पूर्ण गुण. खेळाच्या पुस्तिकेत सापडलेले, अनुमानलेले आणि निव्वळ कल्पिलेले, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या रंगांत छापल्या जाव्यात. ती पुस्तिका लिहिताना प्रत्यक्ष खणणाऱ्यांचा हात असावा. आणि मानवी सांगाडा ही कोणाचीही बक्षिसाची वस्तू होऊ नये.

यात सर्वांत मोठी अडचण खेळाची नाहीच. असा खेळ रचायचा तर मूळ पुरावा खुला हवा : थरांची रेखाटने, नमुन्यांच्या याद्या, कालमापनाचे आकडे त्यांच्या त्रुटिमर्यादांसह. सविस्तर उत्खनन-अहवालांची वाट भारतात वर्षानुवर्षे, कधी दशकानुदशके पाहावी लागते. पत्रकार परिषद मात्र हंगाम संपण्याआधीच उरकते. सार्वजनिक पैशाने खणलेल्या भूतकाळाचा निकाल तेवढा जनतेचा आणि पुरावा कपाटाचा, ही वाटणी अन्याय्य आहे. सर्वेक्षणाने, राज्यांच्या पुरातत्त्व विभागांनी आणि विद्यापीठांनी प्रत्येक मोठ्या घोषणेसोबत वर्गात खेळता येईल अशी एक पुरावा-पुस्तिका द्यावी.

ती मिळेपर्यंत विद्यार्थ्यांनी थांबण्याचे कारण नाही. प्रसिद्ध झालेला एखादा उत्खनन-अहवाल घ्यावा, पात्रे वाटून घ्यावीत आणि फासा टाकावा. ‘मला अजून ठाऊक नाही’ हे वाक्य न लाजता उच्चारायला शिकवणारी दुसरी जागा या देशात सध्या फारशी उरलेली नाही.

#पुरातत्त्व #सिनौली #विज्ञानसंवाद