‘एकदा झाली ना चाचणी?’

‘एकदा तपासलं ना? मग पोरीला पुन्हा कशाला त्या टेबलाशी बसवायचं?’ पालकसभेनंतर बुद्धिमापन चाचणीबद्दल हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. त्यामागची माया खरी आहे. बुद्धी काही वर्षावर्षाला बदलत नाही, खर्च होतो आणि आपल्यात खोट आहे असं मूल धरून बसतं, असा हा पक्ष. शेवटची भीती सोडली, तर त्यातलं मला काहीच पटत नाही.

चौथीतली माझी एक विद्यार्थिनी गोष्ट सांगायला उभी राहिली की वर्ग गप्प व्हायचा. वही मात्र अर्धी कोरी. रिपोर्टात बुद्ध्यंक १०४, शेरा ‘सर्वसाधारण’. घरचे निश्चिंत झाले. आतली पानं उलटली तर शब्दांच्या चाचण्यांत १३० च्या पुढे गुण, आणि अंक लक्षात ठेवणं, चिन्हं भराभर उतरवणं यांत जेमतेम ८०. डोंगर आणि दरी यांची सरासरी काढली की सपाट माळ हाती येतो. त्या माळावर ही मुलगी राहतच नव्हती. हुशारीने अडचण झाकली होती, अडचणीने हुशारी. म्हणून तिला ना वरचं काही मिळालं, ना आधार.

आणि आकडा तरी कुठे अढळ असतो? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बुद्धी मोजणारी बिनेची चाचणी बसवली. मोलाचं काम ते. पण अशा चाचण्यांतली मुलांची कामगिरी अनेक देशांत दशकाला साधारण तीन गुणांनी वाढत गेल्याचं दिसलं आहे. जुन्या मानकांवर मोजलं की आकडा फुगतो. २०१८ च्या केंद्रीय निकषांनीही वाचन-लेखनातल्या अशा अडचणींचं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं झाल्यावरच द्यायचं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचं, असं ठरवलं. वाढत्या मुलाबाबत हेच शहाणपणाचं आहे.

मात्र हवा तो आकडा येईपर्यंत मुलाला दारोदार फिरवणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. तीच चाचणी काही महिन्यांत पुन्हा दिली की सरावानेच गुण वाढतात. त्यात मुलाचं काहीच कळत नाही.

नवा प्रश्न असेल तरच फेरचाचणी करावी. तीही शक्यतो वर्षभराने, आणि वाचन-लेखन घरच्या मराठीत व शाळेच्या इंग्रजीत, दोन्हींत तपासून. बेरजेआधी उपचाचण्यांचे गुण मागावेत. आणि मुलाला कारण सांगावं. खोटीची ती भीती तिथेच निम्मी उतरते.

त्या मुलीला आम्ही म्हटलं, ‘तुला इतकं येतं, मग लिहिताना हात का अडतो, ते शोधायचंय.’ ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, ‘बाई, तोवर उत्तरं तोंडी सांगितली तर चालतील?’