टाइमटेबल कुणाच्या बापाचं?

दोस्तांनो, कॉलेजच्या भिंतीवर चिकटवलेलं टाइमटेबल हा सत्तेचा हुकूम असतो. कुणी आत यायचं, कुणी दाराबाहेर ताटकळायचं, हे तोच कागद ठरवतो.

मी शहाद्याकडचा, बौद्धवाड्यातला. नंदुरबारात नाव घातलं. खिडकीवर विचारलं, "साहेब, टाइमटेबल?" कारकून मान वर न करता म्हणाला, "ग्रुपवर टाकलंय." मला ग्रुपात घ्या म्हटलं, तर "आधी फी भर." स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय म्हटलं, तर "मग ती आली की ये." म्हणजे पैसा सरकारदरबारी अडकणार आणि वर्ग आमचे बुडणार. वा रे न्याय!

त्यात २०२४ पासून पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. ज्याचा बाप प्राध्यापक, त्याला हे जेवता जेवता कळतं. आमचा बाप दुसऱ्याच्या रानात रोजानं जातो. त्यानं काय सांगावं? माझ्या बाकावरचा दोस्त धडगावचा पावरा. घरात पावरी, शाळेत मराठी, आणि इथं नोटीस इंग्रजीत. त्याची पोरगी-पोरं शिकतील तेव्हा शिकतील, आज त्याला कोणत्या खोलीत बसायचं तेच कळेना.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून हा जिल्हा वेगळा केला. २०११ च्या जनगणनेत इथं शंभरातले ६९ आदिवासी. साक्षरता ६४ टक्के, अख्ख्या महाराष्ट्रात तळाला. विद्यापीठ १९९० पासून जळगावला. कॉलेज सुरू होतं ऐन पावसाळ्यात, आणि तेव्हाच चांदसैली घाटात दरड कोसळते. एसटी बंद. ७५ टक्के हजेरीचा नियम त्या दरडीला कोण वाचून दाखवणार? दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. सातपुड्याचा मोठा सण होळी, पण लांब सुट्टी दिवाळीची. हे कॅलेंडर कुणाच्या अंगणात बसून केलं, सांगायची गरज आहे का?

मुंबई-पुण्याचे आपलेच काही मित्र म्हणतात, "टाइमटेबलवर काय लढायचं? क्रांतीचं बोल." अरे, आपल्या पूर्वजांना विचारा. जोतीबांनी १८५५ ला रात्रशाळा काढली, कारण कष्टकऱ्याचा दिवस मालकाच्या ताब्यात होता. बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं आणि सकाळचे वर्ग ठेवले. नोकरी करणाऱ्या पोरानं आधी शिकावं, मग कामावर जावं म्हणून. आपल्या माणसांनी घड्याळच आपल्या पोरांच्या बाजूनं लावलं. याला क्रांती नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

२०१८ ला आदिवासी वसतिगृहातल्या खानावळीऐवजी पैसे खात्यावर टाकायचा हुकूम निघाला. खात्यावरच्या आकड्यानं भूक भागत नाही. जुलैत पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. किती शहरी पँथर त्यांच्यासोबत चालले? १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे फक्त बौद्ध नव्हते. त्यात आदिवासी होते, भूमिहीन होते, कामगार होते, बाया होत्या. भिंतीवर लावलेला तो शब्द आता सातपुड्यापर्यंत घेऊन या.

आमची मागणी भिकेची नाही. टाइमटेबल वर्ग सुरू होण्याच्या आठ दिवस आधी, मराठीत, गेटवर लावा. स्कॉलरशिप येवो न येवो, पोराला पहिल्या दिवसापासून वर्गात बसवा. पहिलं लेक्चर पहिली एसटी पोचल्यावर ठेवा. घाट बंद त्या दिवसाची गैरहजेरी धरू नका. होळीला सुट्टी वाढवा. नव्या पोराला त्याच्या बोलीत समजावणारा वरच्या वर्गातला एक जण खिडकीजवळ बसवा. यातल्या एकालाही मोठा खजिना लागत नाही. लागते ती नियत.

ती नसेल तर आम्ही खिडकीपुढं रांग लावणार नाही, ठिय्या देऊ. आणि टाइमटेबल आम्हीच लिहू.

जय भीम! जोहार!