चार स्क्रू

माणसाचं हृदय बदलता येतं, गुडघा बदलता येतो, पक्ष तर दिवसातून दोनदा बदलता येतो. पण नवी पेठेतल्या एका काचेच्या दुकानातला पोरगा मला शपथेवर सांगत होता, की लॅपटॉपची हार्डडिस्क बदलण्यात "काय अर्थ नाही साहेब."

ही २०२४ च्या जूनमधली गोष्ट. आमचा लॅपटॉप २०१७ चा. त्याच्या पोटातून टक् टक् असा आवाज यायला लागला होता. आधी वाटलं पाल चुकचुकतेय. आमची ही म्हणाली, "अहो, पाल सुरू करायला बटण लागत नाही."

"नवाच घ्या की वो," पोरगा म्हणाला. "ह्याचे मी पंधराशे लावतो."

मी कॉमर्सचा पदवीधर. आयकर खात्याच्या हिशेबी संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा. ४८ हजारांचं यंत्र सात वर्षांनी किती राहतं, हे मी तिथल्या तिथे पावतीच्या मागे मांडलं. १३४४ रुपये. म्हणजे पोरगा मला वर दीडशे देत होता. त्याच्या बाजूने बघितलं तर तो दानशूरच.

घोडं अडलं ते एका फाइलपाशी. आमचे दादा, म्हणजे वडील, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. जायच्या आदल्या वर्षी पुतण्याने त्यांना मोबाइलसमोर बसवून बोलतं केलं होतं. सव्वा तासाचं ते बोलणं. त्यात त्यांनी मिलच्या भोंग्याची नक्कल केलीय, खोकला येईपर्यंत. पुतण्याचा मोबाइल पुढे चोरीला गेला आणि ती फाइल उरली ती फक्त या टकटकणाऱ्या डब्यात. बँकेत दुहेरी नोंद केल्याशिवाय मी रुपया हलू देत नाही. घरी मात्र एकेरीच. ही चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही.

"आतला डेटा?" मी विचारलं.

"तो जातो साहेब," पोरगा म्हणाला. एस्टी गेली म्हणावं तसं.

त्याच गल्लीत, जिना चढून वर, कपड्यांच्या गोदामाशेजारी एक अण्णा बसतात. त्यांनी लॅपटॉप कानाला लावला, एकदा ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलले, "आता परत चालू करू नका." मला एकदम डॉक्टरकडे आल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, आत तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, त्यांच्यावर वाचणारी सुई केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. ती अडखळायला लागली, की प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे तबकडीवर ओरखडे काढायची जोखीम.

मग त्यांनी यंत्र पालथं घातलं. बारीक स्क्रू काढले आणि चक्क मिसळणाच्या डब्यात टाकले! मोहरीच्या वाटीत लांब, जिऱ्याच्या वाटीत आखूड. लांब स्क्रू आखडाच्या जागी पिळला, तर तो खालचा बोर्ड फोडून जातो म्हणे. झाकण उचकटायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड. (आमच्या बँकेचं ते कार्ड इतक्या चोख उपयोगी पडलेलं मी प्रथमच पाहिलं.) पहिल्यांदा बॅटरीची तार सोडवली. मग चार स्क्रू, एक पत्र्याची चौकट, आणि हार्डडिस्क हातात. वेळ सात मिनिटं, त्यात एक चहा.

आता माझं भांडण ऐका. ते त्या पोराशी नाही. तो पगारी माणूस, त्याला नवे डबे विकायचेत. माझं भांडण हे चार स्क्रू नाहीसे करणाऱ्यांशी आहे. आयबीएमने १९६२ साली १३११ नावाचं यंत्र काढलं. त्यातला तबकड्यांचा गठ्ठा साडेचार किलोचा, त्यावर मावायची २० लाख अक्षरं, पण झाकण उघडून तो गठ्ठा ऑपरेटर हाताने उचलायचा आणि दुसरा ठेवायचा. पुढे प्रगती झाली. २०१६ मध्ये ॲपलने टचबारवाल्या मॅकबुक प्रोची साठवण थेट बोर्डाला डाख देऊन बसवली. आज इतरांच्याही कित्येक पातळ यंत्रांत तीच तऱ्हा. साठवण बिघडली तर बोर्ड बदला, आणि बोर्डाची किंमत ऐकून नवं यंत्र घ्या. बैलाच्या नालेचा खिळा निघाला म्हणून बैल बदलायचा!

विचारावं तर उत्तर ठरलेलं, 'यंत्र पातळ हवं ना?' अहो, पातळपणाचं आम्हा सोलापूरकरांना सांगता? आमची कडक भाकरी पापडाइतकी पातळ असते आणि शेंगाचटणीसोबत महिनाभर टिकते. आणि बोर्डावर खोचायची साठवणीची जी पट्टी मिळते ना, ती २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, आणि तिला धरून ठेवायला स्क्रू एक. एक! तेवढीही जागा ज्यांच्या यंत्रात नाही, त्यांची मती पातळ झाली आहे.

सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार खाती त्यात आहेत. दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, वॉरंटी कंपन्यांनी तिथे सांगायची. उत्तम! पण डाख दिलेल्या वस्तूची माहिती वाचून ती सुटते थोडीच? मला पोर्टल नको, स्क्रू हवा. खोक्यावर किंमत छापतात तशी एक ओळ सक्तीने छापा, 'याची साठवण निघते' किंवा 'निघत नाही'. मग ज्याला न निघणारं हवं त्याने खुशाल घ्यावं.

अण्णांनी जुनी डिस्क तारेने आपल्या संगणकाला जोडली आणि आधी दादांची फाइल उतरवून घेतली, मग बाकीचं. काही फोटो गेले. ती नीट उतरली का बघायला त्यांनी फाइल लावली, आणि दुपारी दोन वाजता नवी पेठेत मिलचा भोंगा झाला. खालचा चहावाला वर डोकावला. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी तो भोंगा पुन्हा एकदा लावला. त्यांचेही वडील मिलमध्येच होते, हे मला पैसे देताना कळलं.

नवी एसएसडी दोन हजार दोनशे, मजुरी तीनशे. लॅपटॉप आता एवढ्या चटकन सुरू होतो, की बसायला खुर्ची ओढेपर्यंत तो पासवर्ड मागतो.

जुनी डिस्क मी मागून घेतली. पहिल्या दुकानातला पोरगा म्हणाला होता, "फॉरमॅट मारतो की, कशाला नेता?" झटपट फॉरमॅट म्हणजे बहुधा अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच राहतात. आणि त्या पानांवर आमचं पॅन, आधार, हिच्या माहेरच्या जमिनीचा सातबारा. पासबुक कुणी दुकानात ठेवून येतं का?

यंदा लेकीला लॅपटॉप घ्यायचाय. मी नवी पेठेतल्या प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारतो, "याची साठवण निघते का?" तीन दुकानांत उत्तर आलं नाही, एका दुकानात यंत्राचा रंग सांगितला. परवा काचेच्या दुकानासमोरून जात होतो, तर तोच पोरगा आतल्या मालकाला हळूच म्हणाला, "स्क्रूवाले साहेब आले."

मालकाने घाईघाईने फोन कानाला लावला.