पहिल्या पन्नास खेळ्या

संगणकासमोर बसलेला विद्यार्थी दिसला की घरी वडीलधाऱ्यांच्या आणि महाविद्यालयात प्राध्यापकांच्या कपाळावर सारखीच आठी पडते. तो खेळतो आहे असे कळले तर आठीची जागा उपदेश घेतो. या उपदेशात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘अजून एकच खेळी’ म्हणत पहाट करणारे वीर आपल्या वर्गावर्गांत आहेत. परंतु सगळे खेळ एकाच तराजूत घालून फेकून देण्याआधी त्यांतल्या एका प्रकाराकडे वाङ्मय-इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी डोळसपणे पाहावे, असे मला मनापासून वाटते. तो प्रकार म्हणजे पाळीपाळीने खेळायचा, राज्य उभारण्याचा खेळ.

यातला सर्वांत नावाजलेला खेळ ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर या अमेरिकन कल्पक माणसाने १९९१ मध्ये तो प्रथम आणला आणि त्याचा सहावा भाग २०१६ मध्ये निघाला. मे २०२० मध्ये टाळेबंदीत घराघरांत कोंडलेल्या मुलांना एका विक्रेत्याने हा सहावा भाग आठवडाभर विनामूल्य दिला आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून साम्राज्ये उभी राहू लागली. येथे घाईगर्दी नाही. आपण खेळी करायची, मग प्रतिस्पर्ध्याने करायची. मध्ये विचार करायला हवा तेवढा वेळ. बुद्धिबळाचाच हा दूरचा नातलग. आणि बुद्धिबळाला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांनी निदान गिरगावात तरी जपून बोलावे. १९७४ पासून पुढच्या दशकाचा राष्ट्रीय महिला बुद्धिबळाचा इतिहास वासंती, जयश्री आणि रोहिणी या गिरगावच्या खाडिलकर भगिनींच्या नावांनी भरलेला आहे, आणि १९७६ मध्ये रोहिणीताई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या होत्या.

खेळाचा आरंभ इ. स. पूर्व ४००० मध्ये होतो. तुमच्या हाती एक वसाहत करणारी टोळी आणि एक योद्धा, एवढेच भांडवल. पुढे पाचशे खेळ्या. नवशिक्याला वाटते की पाचशे खेळ्या म्हणजे अमाप वेळ. वस्तुतः डाव पहिल्या पन्नास खेळ्यांतच बहुतांशी ठरून जातो. म्हणून नवशिक्यांसाठी माझे चार शब्द या पन्नास खेळ्यांविषयीच आहेत.

पहिला शब्द पाण्याविषयी. गाव वसवायचे ते गोड्या पाण्याच्या काठी. नदीकाठच्या नव्या गावात पाच वस्तीला जागा मिळते, पाण्यापासून दूर असलेल्या गावात अवघी दोन. उत्तम जागेच्या शोधात दहा खेळ्या भटकणारा मागे पडतो आणि पाण्याचा विचार न करता बसणाराही पुढे अडतो. मुंबईकराला हे पुस्तकातून शिकायला नको. सात बेटांवर समुद्र चहूबाजूंनी आणि प्यायला विहिरी-तलाव. धोबी तलाव, गोवालिया टँक या नावांत ती तहान अजून शिल्लक आहे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले, तेव्हा कोठे शहराला हातपाय पसरता आले.

दुसरा शब्द नजरेविषयी. पहिली उत्पत्ती सैन्याची नको, हेराची हवी. आजूबाजूला डोंगर कोठे, शेजारी कोण, हे ठाऊक नसताना केलेली प्रत्येक योजना अंधारातली उडी असते. त्यातच रानटी टोळ्यांची मोठी गंमत आहे. त्यांचाही एक हेर फिरत असतो. तो तुमचे गाव पाहतो, आपल्या तळावर परततो, आणि मगच धाड येते. त्याला परत जाऊ दिले नाही तर धाड टळते. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या मुलांनी हेरखाते विसरावे, याचे मला नवल वाटते.

तिसरा शब्द मोहाविषयी. पिरॅमिड, झुलत्या बागा अशी जगातली आश्चर्ये बांधण्याची सोय खेळात असते आणि नवशिक्या पहिल्या गावापासून तिच्यामागे लागतो. पण एखादे आश्चर्य दुसऱ्याने आधी पुरे केले की तुम्हाला ते बांधताच येत नाही. त्याऐवजी दुसरे, तिसरे, चौथे गाव वसवावे. प्रत्येक नवी टोळी निघताना मूळ गावाची वस्ती एकाने घटते. हा खर्च जिवावर येतो, पण तोच पुढे फळतो. तसाच मोह लढाईचा. तोरणा ताब्यात आला आणि राजगडाची उभारणी झाली ती १६४६-४७ च्या सुमारास. जावळीवर चाल झाली १६५६ मध्ये. मधल्या दहा वर्षांविषयी शाळेच्या पुस्तकांत फारसे काही नसते, कारण त्यांत तलवारीचा खणखणाट कमी आहे. मावळची माणसे जोडणे, ओसाड मुलूख वसवणे, गड बांधून काढणे हीच ती कामे. स्वराज्याच्या पहिल्या पन्नास खेळ्या त्याच होत्या, असे मी समजतो.

चौथा शब्द शिकण्याविषयी. या खेळात विद्या नुसती वाट पाहून मिळते, पण हाताने काही केले तर लवकर मिळते. समुद्रकाठी गाव वसवले की नौकानयन सोपे जाते. दगडाची खाण काढली की गवंडीकाम. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, परक्या संस्कृतीची गाठ पडली की लेखनविद्या जवळ येते. खेळ रचणाऱ्याच्या अंगी थोडे काव्य असले पाहिजे!

येथवरचे सर्व कोणीही चांगला खेळाडू सांगेल. माझे खरे म्हणणे पुढे आहे.

हा खेळ दोन गोष्टी चुकीच्या शिकवतो. पहिली, पराभवाविषयी. डाव बिघडला की नवशिका जपून ठेवलेला जुना डाव पुन्हा उघडतो आणि बिघाड झालाच नाही अशा थाटात पुढे जातो. इतिहासात ही सोय नाही. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा उरले. त्या बारांवर पाय रोवून राहायचे आणि १६७० मध्ये पुन्हा उठायचे, यात जे शहाणपण आहे ते जुना डाव उघडणाऱ्याला कधीच लाभणार नाही. म्हणून नवशिक्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, एकदा तरी बिघडलेला डाव शेवटपर्यंत खेळा. बारा किल्ल्यांचे राज्य चालवून पाहा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. खेळात जमिनीवर काम करणारा एक मजूर असतो. त्याचे नाव ‘बिल्डर’! लालबाग-परळच्या वाचकाला हे नाव ऐकून हसू येईल. हा बिल्डर शेत करतो, खाण काढतो, आणि तीन कामे झाली की पटावरून नाहीसा होतो. तो कोठे गेला, त्याचे घरदार काय, हे कोणी विचारत नाही. या बिल्डरकडून करून घेण्याचे एक काम निष्णात खेळाडू मोठ्या कौतुकाने सांगतात: जंगल तोडा. जंगल तोडले की त्याच क्षणी गावाच्या उत्पादनात मोठी भर पडते आणि पंधरा खेळ्यांचे बांधकाम पाच खेळ्यांत उभे राहते. हिशेब चोख आहे. मीही तो मांडतो आणि जिंकतो.

पण आपल्याकडे याच प्रश्नावर तीनशे वर्षांपूर्वी एका मराठी मुत्सद्द्याने लिहून ठेवले आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमारासाठी लाकूड कोठून आणावे याचा विचार आहे. रानातले साग वगैरे परवानगीने तोडावे. पण आंबा, फणस यांची लाकडेही जहाजाच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, असे अमात्य बजावतात. कारण ही झाडे वर्षादोनवर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती करू नये. राज्य चालवणारा माणूस येथे लाकडाच्या हिशेबात झाडाच्या धन्याचे दुःख धरतो आहे. सिव्हिलायझेशनच्या सहाव्या भागात भारत आहे, मराठे नाहीत, याची काही मित्रांना खंत वाटते. मला तिच्यापेक्षा मोठी खंत वाटते ती या हिशेबाला तेथे रकाना नसल्याची.

हा प्रश्न पटावरच राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. आपण राहतो तो भागच एक पट झालेला आहे. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साठच्या आसपास गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांना गिरणीचा भोंगा पुन्हा ऐकायला मिळाला नाही. पुढे जमीन उरली. १९९१ च्या नियमाने विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी ‘म्हाडा’ला, एक मालकाला. २००१ मध्ये हा वाटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. बांधकामाखालची जमीन हिशेबातून निघाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती दुरुस्ती टिकली. डाव अर्ध्यावर आला असताना नियम बदलला. ज्यांनी तीन कामे केली होती ते पटावरून नाहीसे झाले, आणि घराच्या सोडतीच्या रांगेत त्यांची मुले उभी राहिली. उत्पादनाच्या रकान्यात परळचे आकडे आज मोठे आहेत, यात शंका नाही. पण आंब्याच्या धन्याला राजी केले होते काय, हा प्रश्न कोणत्या रकान्यात मांडायचा?

कोणी म्हणेल, खेळ तो खेळ, त्यावर एवढे ओझे कशाला? उद्या आपल्यातलेच कोणी महापालिकेत, मंत्रालयात, वास्तुविशारदाच्या कचेरीत बसणार आहेत. वरून पाहिलेला नकाशा आणि त्यावरचे चौकोन यांची सवय डोळ्यांना आधी लागते, आणि मग चौकोनातली माणसे दिसेनाशी होतात. ही सवय खेळामुळेच लागते असे नाही. खेळ जन्मण्याआधीही राज्यकर्त्यांना ती होतीच. खेळ ती फक्त उघडी करून दाखवतो, आणि याच कारणासाठी तो वर्गात यावा असे मला वाटते.

म्हणून माझी इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन्ही विभागांना नम्र सूचना आहे. वर्षातून दोन शनिवार हा खेळ सभागृहात मोठ्या पडद्यावर खेळला जावा. एका बाजूने विद्यार्थ्यांनी खेळी सुचवावी, दुसऱ्या बाजूने कोणीतरी ‘आज्ञापत्र’ हातात घेऊन बसावे, आणि प्रत्येक तोडलेल्या जंगलाला विचारावे: धनी कोण? त्याला काय दिले? उत्तर मिळेपर्यंत पुढची खेळी करू नये. डाव हळू चालेल, कदाचित आपण हरूही. पण पन्नास खेळ्यांनंतर सभागृहातून बाहेर पडणारा विद्यार्थी लालबागच्या पुलावरून खाली पाहील तेव्हा त्याला इमारतींबरोबर माणसेही मोजता येतील. कला शाखेत येऊन आपण दुसरे काय शिकायचे आहे?