अंदाजान घाल!

पैसे मोजून स्वयंपाक शिकायला जाणाऱ्या माणसाला हसायची आपल्याकडे रीतच आहे. त्यातून तो तळेऱ्याचा असेल, बाप्या असेल आणि पुण्यात जाऊन बांगड्याचं तिखलं शिकत असेल तर मग बघायलाच नको. "काय रे झिला, पैशे देवन जेवाण शिकतंस? आवशीन काय शिकवल्यान नाय?" हा प्रश्न मला तळेऱ्याच्या स्टँडपासून घरच्या पडवीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय.

तर एकदाच उत्तर देऊन टाकतो. नाही शिकवलं. आणि दोष आईचा नाही, 'हाताची चव' नावाच्या आपल्या लाडक्या थोतांडाचा आहे.

आमच्याकडे कृती विचारली की काय होतं बघा. मीठ किती? "लागात तितक्या." तिखट? "अंदाजान घाल." गॅस बंद कधी करू? "वास इलो की." कसलो वास? "शिजल्याचो!" संपलं शिक्षण. बरं, हा अंदाज म्हणजे काही दैवी देणगी नव्हे. रोज दोन वेळा, चाळीस वर्षं चुलीपुढे उभं राहून केलेली ती मोजणीच आहे, फक्त कोणी लिहून घेतली नाही. चव हातात असते असं एकदा ठरवलं की घरातले बाकीचे हात आपोआप मोकळे होतात. 'सुगरण' म्हणून कौतुक करायचं आणि तापातसुद्धा तिलाच उठवायचं. आणि ती गेली की वर्षश्राद्धाला पानावर बसून म्हणायचं, "तिच्या हातची चव नाय हो येत." अरे, मग ती असताना वही-पेन घेऊन कोण बसलं होतं तिच्या शेजारी?

पैसे देऊन शिकण्याचं म्हणाल तर आपल्या कोकणी माणसाने पैसे देऊन खाण्यात कधी कमीपणा मानला नाही. गिरणगावात आमच्या पिढ्यान्‌पिढ्या खानावळीच्या डब्यावर जगल्या. ते डबे करणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा कुठे ही मेहनत आहे, तिला दाम आहे, हे जगाला दिसलं. म्हणजे त्या बाईचं जेवण महिन्याच्या हिशोबाने विकत घेतलेलं चालतं, पण तिची विद्या विकत घेतली की हसायचं? हे कुठलं तर्कशास्त्र?

आता त्या क्लासबद्दल. नाव 'गुर्मे'. हा फ्रेंच शब्द खाण्यापिण्याच्या जाणकाराला वापरतात, म्हणजे खाणाऱ्याला! स्वयंपाक शिकवायच्या वर्गाला नाव खाणाऱ्याचं. तिथे ताटलीवर चिमट्याने कोथिंबिरीची पानं मांडण्यात अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास शुद्ध फुकट आहे. फी भरमसाट आहे हेही मान्य.

पण बाकीच्या वेळात मला पहिल्यांदा कोणीतरी 'का' ते सांगितलं. नारळाचं दूध खळखळून उकळलं की फुटतं, म्हणून ते शेवटी घालायचं आणि आच मंद ठेवायची. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, कारण वास सालीत असतो, आणि ती साल वाटायची नाही, नुसती ठेचायची. हे तिरफळ चिनी सिचुआन मिरीच्या गोतातलं, म्हणून जीभ चुरचुरते. बांगडा काही मिनिटांत शिजतो, नंतर नुसता तुटतो. हे सगळं आईच्या हातांना ठाऊकच होतं. ते शब्दांत आलं म्हणून माझ्यासारख्या, कुकरच्या शिट्टीलाही दचकणाऱ्या माणसापर्यंत पोचलं.

आणि हे काही शहरी फॅड नाही. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 ची. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापं घेऊन त्यांनी नवख्या मुलींना स्वयंपाकघरात उभं केलं. कितीतरी मुली ते पुस्तक घेऊन परदेशात संसाराला गेल्या. त्यांना कोणी हसलं नाही. मग बाप्याने माप विचारलं की हसू का येतं? खरं कारण सांगू? माप कागदावर आलं की "माका जमणा नाय" ही सबब जाते. मीठ चमच्याने मोजता येतं, तर ते मुलगाही मोजू शकतो, नवराही मोजू शकतो. ते नको असतं आपल्याला.

यंदा चतुर्थीला गावी जाल तेव्हा वजनकाटा आणि वही न्या. काळ्या वाटाण्याचं सांबारं करायला आई बसली की तिची चिमूट वाटणात पडायच्या आधी काट्यावर ठेवा. ती वैतागेल, काका हसतील. हसू देत. लिहून झालं की पुढच्या दिवशी तिला पडवीत बसवा आणि आत तुम्ही जा.