तिकीट माफ, पण वाट?

देशासाठी लढताना अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांना सार्वजनिक बागांत मोफत प्रवेश द्यावा, असे म्हटले जाते. ही सूचना मला मान्य आहे. मात्र ती अपुरी वाटते.

मालवण तालुक्यातील आपले धामापूरच घ्या. येथील तलाव १५३० साली बांधलेला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. भोवती दाट झाडी, काठावर भगवतीचे मंदिर आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. त्या पायऱ्या तुम्ही धावत उतरता. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र वरच थांबावे लागते. त्याच्याकडून एक पैसाही घेतला नाही, तरी पाणी दूरच राहते.

त्याला पाण्याशी काय काम, असे कोणी विचारील. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या व कायमचे अपंगत्व आले. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. अर्थात, प्रत्येकाला पदक नको असते. कोणाला संध्याकाळी नातवंडांबरोबर नुसते बसायचे असते. तेवढ्यासाठीही वाट हवीच.

काही जण म्हणतात, "पेन्शन मिळते, मग पाच-दहा रुपयांची सूट कशाला?" प्रश्न रुपयांचा नाही. हक्क आणि मेहरबानी हे दोन्ही शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही. पण त्यांच्या अर्थांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. फाटकावर दर वेळी कागद दाखवून विनवणी करावी लागली, तर ती मेहरबानी झाली. ओळखपत्र एकदा पाहून सलाम करून आत सोडले, तर तो हक्क. आणि खुर्ची ढकलणाऱ्या सोबत्याचे तिकीटही माफ हवे, नाहीतर सवलत अर्धीच!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करण्यास सांगितले आहे. तो केवळ सैनिकांसाठी नाही. एकदा उतार बांधला की त्यावरून सैनिक जातो, तशी गुडघे दुखणारी आजीही जाते.

उताराचा हिशेब सोपा आहे. एक फूट उंची चढण्यासाठी निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो. उद्या टेप घेऊन आपल्या शाळेच्या दारातील पायऱ्यांची उंची मोजा आणि आपल्याला किती फूट लागेल ते वहीत लिहा.