मसूदी पुरता वाचू या



बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916-17 मध्ये, चौलला आला होता. त्याच्या ग्रंथात चौलबरोबर सोपारा आणि आपले ठाणेही आहे. चौलवर झंझ राजाचे राज्य असल्याचे तो सांगतो. हा झंझ ठाण्याच्या शिलाहार घराण्यातला. त्याने शिवाची बारा देवळे बांधल्याचा उल्लेख याच घराण्याच्या ताम्रपटांत आहे. अंबरनाथचे 1060 चे शिवालयही याच घराण्याचे. म्हणजे हा परका प्रवासी आपल्या अंगणातलीच साक्ष देतो.

ती साक्ष सरळ नाही. चौलात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथेच जन्मलेले, असे तो लिहितो. झंझाचा सम्राट राष्ट्रकूट. त्याच्या राज्यात मशिदी आहेत, मुसलमानांना मान आहे, असेही मसूदी नोंदवतो. आणि त्याच चौलच्या बाजारात त्याने आत्मदहनाला निघालेला एक तरुण पाहिला. डोक्यावर धगधगते निखारे, भोवती वाद्यांचा गजर, आणि तो शांतपणे विडा चघळत चाललेला!

आज मसूदीला कोर्टात उभे करणारे दोन्ही पक्ष आपापले वाक्य तेवढे उचलतात. एकाला मशिदी पुरतात, दुसऱ्याला निखारे. कुणी त्याला आपल्या सहिष्णुतेचे प्रशस्तिपत्र करतो, कुणी बदनामी करणारा परधर्मी ठरवतो. हा त्याच्यावर अन्याय आहे आणि आपल्या इतिहासावरही.

त्याची चिकित्सा जरूर व्हावी. चौदाव्या शतकात इतिहासकार इब्न खल्दूनने ती केलीच. मसूदीने दिलेले प्राचीन इस्रायली सैन्याचे अफाट आकडे त्याने तर्काने खोडून काढले. चौलचे दहा हजारही शिरगणती करून लिहिलेले नव्हेत. पण ऐकीव आकडा आणि डोळ्यांनी पाहिलेला बाजार यांना एकच माप लावता येत नाही. झंझाचे नाव त्याने अचूक दिले, हे ताम्रपटांनी सिद्ध केले आहे. आमच्या मते चौलपुरता तो भरवशाचा साक्षीदार आहे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. इतकी जुनी वाचनपरंपरा असलेल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांनी फिरत्या उताऱ्यांवर मत बनवू नये. या दिवाळीच्या सुट्टीत वा. वि. मिराशींचा ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा ग्रंथ आपल्या ग्रंथालयात आवर्जून मागा, मसूदीशेजारी ठेवून वाचा आणि काय वाटले ते आम्हाला कळवा.



— संपादक